इसार नव्हे, अनामत

फॉर्मवर सही झाली आणि पहिल्या हप्त्याचा चेक माझ्या फायलीत गेला, की मी समोरच्या माणसाला म्हणायचे, "झालं. आता निर्धास्त राहा." हे वाक्य मला कुणी शिकवलं नव्हतं. तोंडात कधी बसलं तेही आठवत नाही. विम्याची एजन्सी घेऊन मला आता बावीस वर्षं होतील. त्यातली बरीच वर्षं मी हे वाक्य जुन्या जालन्यातल्या दुकानांच्या गाद्यांवर, शाळांच्या स्टाफरूममध्ये आणि लोकांच्या ओट्यांवर बसून म्हणत आले.

ते खरं नाही, हे मला ठाऊक होतं. ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की भरलेला फॉर्म म्हणजे फक्त प्रस्ताव. आपण कंपनीला विचारतो, माझा विमा उतरवाल का? कंपनी वाचते, तपासते, वाटलं तर आणखी कागद मागते, आणि 'स्वीकारला' असं कळवते तेव्हा करार होतो. तोवर आपले पैसे तिच्याकडे अनामत म्हणून पडून असतात. पण आधीच माणूस मरणाच्या गोष्टी ऐकून कंटाळलेला असतो. त्याला वर हे सांगत बसलं तर तो म्हणतो, मग पुढच्या महिन्यात बघू. आणि पुढचा महिना कधी येत नाही. म्हणून मी ते सांगायचं सोडून दिलं. शंभरातल्या नव्याण्णव वेळा पॉलिसी पंधरा दिवसांत घरी यायची आणि माझं वाक्य मागाहून खरं व्हायचं.

माझे ब्लाउज शिवणारी बाई आमच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत भाड्याने राहायची. सासर हसनाबादचं. घरची शेती दीर बघायचा आणि तिचे मालक इथे एका बियाणं कंपनीच्या गोदामावर सुपरवायझर होते. तिच्या हाताला सफाई होती. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा खाली आहे, हे तिने पहिल्याच मापाला ओळखलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही. दहा-बारा वर्षांची आमची ओळख. तिच्या मशीनजवळच्या खुर्चीत बसून मी गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या पॉलिसी केल्या होत्या, पण तिच्या घरातली एकही नव्हती. ती म्हणायची, "मालकांना टाइम मिळू द्या ताई."

तो टाइम एका रविवारी सकाळी मिळाला. कापड बेतायच्या टेबलावरचे तुकडे तिने बाजूला सारले, आणि आम्ही तिघं फॉर्म घेऊन बसलो. मालक पंचेचाळिशीच्या पुढचे, अंगाने भरलेले, बोलायला मोजके. मी प्रश्न वाचायची, ते उत्तर द्यायचे, मी लिहायची. दारू नाही. तंबाखू होती, सहा वर्षांपूर्वी सोडली. ऑपरेशन एकच, हर्नियाचं. मग वडिलांचा रकाना आला. हयात आहेत का, नसल्यास कोणत्या वयात आणि कशाने गेले.

"पन्नाशीत गेले," ते म्हणाले. "वावरात बसल्या बसल्या छातीला हात लावला अन् गेले."

माझं पेन थांबलं. अशा ठिकाणी आमच्यातले पुष्कळ जण वय वाढवतात आणि 'वृद्धापकाळ' लिहून मोकळे होतात. मी पण लिहिलंय, नाही म्हणणार नाही. मी विचारलं, "वृद्धापकाळ लिहू का? नाहीतर कंपनी जास्तीच्या तपासण्या मागेल."

"मागू द्या, करू," ते म्हणाले. "बाप माझ्या डोळ्यासमोर गेला ताई. जे हाय ते लिवा."

मी जे होतं ते लिहिलं. त्यांनी सगळ्या पानांवर सावकाश सह्या केल्या. नॉमिनी म्हणून बायकोचं नाव लिहिताना तिला जरा हसू आलं, का कोण जाणे. दुसऱ्या दिवशी शाखेत पैसे भरून मी पावती आणून दिली. तिने ती उलटीपालटी करून बघितली.

"मंग आजपासून चालू झाला ना विमा?"

"चालूच समज," मी म्हटलं. "आता निर्धास्त राहा."

पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की ही रक्कम प्रस्ताव मंजूर होईपर्यंत अनामत आहे. ते तिने वाचलं नाही, आणि मी वाचून दाखवलं नाही. तिने पावतीची घडी केली आणि मशीनच्या ड्रॉवरमध्ये बॉबिनांच्या डबीखाली ठेवली.

पुढच्या सोमवारी शाखेत गेले तेव्हा एजंटांच्या खणात माझ्या नावाची एक चिठ्ठी होती. वडिलांचा इतिहास पाहता प्रस्तावकाचा ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या सादर कराव्यात, त्यानंतर निर्णय घेतला जाईल. नेहमीचाच कागद. मी तो घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकला. त्या शुक्रवारी माझ्या मुलीचा साखरपुडा होता. पर्समध्ये हारवाल्याची पावती, आचाऱ्याची यादी, मुलाकडच्यांच्या मापांचा कागद, आणि त्यांतच ती चिठ्ठी. रोज त्या गल्लीवरून जात होते. एकदा तर तिच्या दाराशीच थांबले, मुलीचा ब्लाउज घ्यायला. तिने तो कागदात गुंडाळून दिला आणि वर काठाचा उरलेला तुकडाही दिला. चिठ्ठी माझ्या खांद्याला लटकलेली होती. आठवलीच नाही.

शनिवारी पर्स रिकामी करताना ती सापडली. तशीच उठून गेले. मालक दारात बसून बूट घालत होते.

"ही तपासणी तेवढी करून टाका," मी म्हटलं. "इथेच स्टेशन रोडला होईल, तासाचं काम."

त्यांनी चिठ्ठी वाचली. "चार दिवस द्या ताई. पेरणीचा सीझन हाय, गोदामावर गाड्या लागून राह्यल्या. माल निघाला की जल्दी करून टाकतो."

मी बरं म्हणाले. मला तरी कुठे घाई होती?

मंगळवारी दुपारी ते गोदामात पोत्यांच्या थप्पीला टेकून खाली बसले. हमालांना वाटलं, उन्हाने चक्कर आली असेल. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, पण तिथे पोचायच्या आधीच सगळं झालं होतं.

मला हे गल्लीतल्या कापडवाल्याने सांगितलं. तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं ते मी आजवर माझ्या यजमानांशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. तिच्या आधी, तिच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्याही आधी, माझ्या मनात आलं, पॉलिसी निघाली नाही. बावीस वर्षांच्या धंद्यात माणूस असा होतो की मी आधीपासूनच अशी होते, हे मला अजून कळलेलं नाही.

तेरावं हसनाबादला झालं. ती परत आल्यावर आठवड्याने मला बोलावणं आलं. दीर आला होता, भावापेक्षा धाकटा, उन्हाने रापलेला, पांढरा शर्ट घातलेला. समोर पावती ठेवली होती. भावजय भिंतीला टेकून बसली होती आणि मशीनवर चादर टाकलेली होती.

"ताई, आता काय कागद लागतील ते सांगा," दीर म्हणाला. "मृत्यूचा दाखला आणलाय."

मी सांगितलं. कसं सांगितलं ते नीट आठवत नाही, पण तीन-चार वेळा सांगावं लागलं एवढं आठवतं. प्रस्ताव मंजूर झालेला नव्हता. कंपनीने तपासणी मागितली होती, ती राहिली. मंजुरी नाही म्हणजे पॉलिसी नाही.

"पैसे घेतले ना?"

"घेतले."

"पावती दिली ना?"

"दिली."

"मंग सौदा कसा न्हाई झाला?" त्याचा आवाज चढला. "आमच्याकडं बैल घेताना इसार दिला की सौदा बराबर पक्का. जमिनीचं तसंच. इसार घेऊन माणूस मागं फिरला तर गावात त्याला कुणी उभं करत न्हाई. अन् तुमची एवढी मोठी कंपनी?"

"हा इसार नाही हो. अनामत आहे," मी म्हटलं. मी बोलले ते खरं होतं आणि माझ्याच कानाला ते निर्लज्ज वाटलं. "इसार म्हणजे दोघांचं ठरलं याची खूण. इथे एकाच बाजूचं ठरलं होतं. त्यांनी विचारलं, कंपनीचं उत्तर यायचं होतं."

"हे तुम्ही पैसे घेताना सांगितलं व्हतं का?"

"नाही," मी म्हटलं.

मग दीर आवाज खाली आणून म्हणाला, की एक लॅबवाला ओळखीचा आहे. तो मागच्या तारखेचा रिपोर्ट द्यायला तयार आहे, ईसीजीच्या पट्टीसकट. पट्टी काय, कुणाचीही काढता येते. "तुम्ही फक्त म्हणायचं, की रिपोर्ट त्याच दिवशी माझ्याकडं आल्ता, शाखेत द्यायचा राहून गेल्ता."

मी लगेच नाही म्हटलं नाही. मी हिशेब करत होते की असं जमेल का. जमणार नव्हतं. रिपोर्ट कुठल्याही तारखेचा असला तरी मंजुरी माणूस जिवंत असताना कळवलेली नव्हती, आणि कंपनी चौकशीला आली असती तर खोट्या पट्टीपायी त्या घराची आणखी फरफट झाली असती. हे सगळं मी मनात जुळवत होते, तेवढ्यात भिंतीजवळून आवाज आला. त्या दिवशी ती पहिल्यांदाच बोलली.

"भाऊजी, ते नका करू."

"अगं वहिनी, खरं लिवलं म्हून तर अडकलं सगळं! बापाचं वय चार-दोन सालं जास्त लिवलं असतं तर आज..."

"त्येंनी खरं लिवलं," ती म्हणाली. "आता त्येंच्या मागं खोटा कागद नका लावू."

दिराने पावती उचलून शर्टाच्या खिशात घातली आणि म्हणाला, "मंग वकिलाला तरी दाखवू." मी म्हटलं, मी येते.

त्याच्या ओळखीचे वकील अंबडच्या कोर्टात काम करायचे. आम्ही तिघं सकाळच्या एसटीने गेलो. कोर्टाच्या आवारात झाडाखाली टेबलं मांडलेली असतात, त्यांतल्या एका टेबलापाशी बाकावर आम्हाला दीड तास बसावं लागलं. वकील साठीच्या आसपासचे, घसा बसलेला. त्यांनी पावती वाचली, फॉर्मची माझ्याकडची झेरॉक्स शेवटच्या पानापर्यंत वाचली, आणि चष्मा काढला.

"हे असं आहे," ते तिच्याकडे बघून म्हणाले. "लग्नाची मागणी घातली म्हणजे लग्न झालं का? पलीकडून होकार यावा लागतो. तुमच्या मालकांनी मागणी घातली. कंपनीने होकार दिला नव्हता, नकारही दिला नव्हता. म्हणाली, आधी एवढं दाखवा. पैसे ठेवून घेणं हा होकार धरत नाहीत. कंपनीने विनाकारण महिनोन् महिने प्रस्ताव दाबून ठेवला असता, तर मी सेवेत कसूर म्हणून भांडलो असतो. इथे तर आठ दिवसांत चिठ्ठी काढलीय."

"मंग उशीर कुठं झाला?" दिराने विचारलं.

वकिलांनी माझ्याकडे बघितलं. "चिठ्ठी तुमच्या हातात कधी आली, मॅडम?"

खोटं बोलायला जागा होती. शनिवारीच आली म्हटलं असतं तर कुणी तपासायला गेलं नसतं. पण मी त्या बाकावर बसून बसून इतकी थकले होते, की दुसरी तारीख रचायचंही बळ नव्हतं. ते धाडस वगैरे काही नव्हतं.

"सोमवारी," मी म्हटलं. "मी दिली शनिवारी. घरी मुलीचा साखरपुडा होता."

"आणि पावती देताना काय बोललात?"

"विमा चालूच समज म्हटलं."

वकिलांनी फॉर्मचं एक पान उघडून माझ्यापुढे केलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. प्रतिनिधीच्या तोंडी आश्वासनाने कंपनी बांधील राहणार नाही. माझ्याच अक्षरातल्या फॉर्मवर ती ओळ होती, हजार वेळा माझ्या हाताखालून गेलेली.

"तुमच्या शब्दाने कंपनी बांधली जात नाही," ते म्हणाले.

"मग कोण बांधलं जातं?" मी विचारलं. उगाच विचारलं.

त्यांनी खांदे उडवले. "कोर्टात तरी कुणी नाही." पण त्यांनी सांगितलं, की जे घडलं ते कंपनीला लिहून कळवा, विनंती करा, पाय धरण्यातला प्रकार, पण करून बघा. त्यांनी आमच्याकडून काही घेतलं नाही.

परतीच्या गाडीत दीर पुढे उभा होता. मला आणि तिला मागे जागा मिळाली. ती खिडकीशी बसली. गाडी अंबडच्या बाहेर पडली.

मग ती म्हणाली, "पाच दिवस?"

"हो."

"मी तुम्हाला पोरीचा ब्लाउज दिला, तवा चिठ्ठी तुमच्याजवळ व्हती?"

"पर्समध्ये होती."

तिने मान हलवली. पुढे एक थांबा गेला, काही बायका टोपल्या घेऊन चढल्या, कंडक्टरने जागेवरून त्यांच्याशी वाद घातला. ते संपल्यावर ती म्हणाली, "पैशाचं न्हाई म्हणत मी. पर त्या कागदात छातीची पट्टी काढा म्हून लिवलं व्हतं ना?"

तोवर हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. इतके दिवस मी त्या चिठ्ठीकडे विम्याचा कागद म्हणूनच बघत होते. एक राहिलेली पूर्तता. ती पूर्तता म्हणजे त्या माणसाचं हृदय तपासणं होतं, आणि कंपनीने, आपल्या नफ्यातोट्यासाठी का होईना, नेमकी तीच जागा दाखवली होती. सोमवारी चिठ्ठी दिली असती तर कदाचित बुधवारी पट्टी निघाली असती.

"लिहिलं होतं," मी म्हटलं.

जालन्याच्या स्टँडवर उतरल्यावर तिने माझी खाली राहिलेली पिशवी उचलून माझ्या हातात दिली आणि दिराच्या मागे चालू लागली.

मी कंपनीला पत्र लिहिलं. दोन पानं, स्वतःच्या अक्षरात. चिठ्ठी माझ्याकडे पाच दिवस राहिली, मी विमा चालू झाल्याचं तोंडी सांगितलं होतं, प्रस्तावकाने वडिलांबद्दल कुठलीही माहिती लपवली नव्हती, तरी सहानुभूतीने विचार व्हावा. शाखेच्या मॅनेजरांनी मला आत बोलावून घेतलं. वयाने माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, स्वभावाने वाईट नव्हते.

"मॅडम, हे कशाला लिहून दिलंत? कुणी मागितलं होतं का?"

"नाही."

"यानं त्यांना काही मिळणार नाही. उलट तुमच्यावरच येईल."

"येऊ द्या," मी म्हटलं. हे शब्द शूरपणाचे वाटतात, पण बोलले तेव्हा मला फक्त घरी जाऊन आडवं व्हायचं होतं.

महिन्याभराने दोन पत्रं आली. तिला आलेल्या पत्रात चार ओळी होत्या: प्रस्ताव स्वीकृत झालेला नसल्याने करार अस्तित्वात आला नाही, अनामत रक्कम परत करण्यात येत आहे, आपल्या दुःखात सहभागी आहोत. माझ्या पत्रात ताकीद होती. पुन्हा असं घडल्यास एजन्सी रद्द करण्याचा विचार होईल. दोन्ही पत्रांखाली सही एकाच अधिकाऱ्याची होती.

परत आलेली अनामत जमा करायला तिला स्वतःचं खातं चालू करून घ्यायचं होतं. ते अनेक वर्षांत वापरलेलं नव्हतं. मी तिच्याकडे जायची बंद झाले होते, पण बँकेचा कागद घेऊन तीच माझ्याकडे आली. दुसरं कोण होतं तिला विचारायला? बरोबर मालकांचं पासबुकही आणलं होतं. ते चाळताना मेच्या शेवटच्या तारखेला एक छोटी रक्कम कापलेली दिसली. मागच्या मेमध्ये तेवढीच, त्याच्या मागच्या मेमध्येही. ओळीपुढे आकड्यांत मिसळलेली इंग्रजी अक्षरं होती. मला ती ओळखता आली.

तो बँकेतला विमा होता. पगाराचं खातं उघडताना काउंटरवरच्या कुणीतरी एक कागद पुढे सरकवला असणार, त्यांनी सही केली असणार आणि विसरून गेले असणार. वर्षाला हप्ता आपोआप कापला जायचा. असल्या विम्याची मी आजवर थट्टाच करत आले होते. चहापाण्याच्या पैशातला विमा, यात काय राम आहे, आमच्याकडे या, असं मी किती जणांना म्हटलं असेल. ना कुणी प्रश्न विचारले, ना टेबल रिकामं केलं, ना कुणी निर्धास्त राहा म्हटलं. पण तो करार पुरा झालेला होता, आणि शेवटचा हप्ता त्यांच्या जाण्याआधी दोन-अडीच आठवडे भरला गेला होता.

मी तिला सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसला नाही. "ते मला बोलले असते," ती म्हणाली.

"त्यांनाच आठवत नसेल."

"अन् ह्यालाबी मंजुरी लागती का? आधी ते बघा."

मी बँकेत फोन केला, मग आम्ही दोघी गेलो, मग पुन्हा गेलो. दाव्याचा फॉर्म आणला. तो भरायला ती माझ्या घरी बसली. मी लिहायला पेन उचललं, तर तिने कागद स्वतःकडे ओढला. सातवीपर्यंत शिकलेली, वाचायची सवय गेलेली. ती बोट ठेवून एकेक ओळ मोठ्याने वाचत होती आणि अडली की थांबत होती. "'विमाधारक' म्हणजे हे. 'दावेदार' म्हणजे मी?" मी हो म्हणायची. तळाची बारीक अक्षरंही तिने सोडली नाहीत. ती वाचायला चष्मा कमी पडला तेव्हा फॉर्म घेऊन दारात उजेडाला गेली आणि तिथे उभ्याने वाचून आली. पाऊण तास लागला. माझ्या यजमानांनी केलेला चहा तसाच राहिला. सगळं वाचून झाल्यावर तिने सही केली आणि मला म्हणाली, "आता तुम्ही काही बोलू नका. मिळाल्यावर बघू."

ते मिळालं, दोनेक महिन्यांनी. मोठं घबाड नव्हतं, पण मुलीचं कॉलेज थांबलं नाही. त्या दिवाळीआधी तिने खोल्या सोडल्या. सामान न्यायला दीर टेम्पो घेऊन आला होता. मशीन तिने स्वतः गोणपाटात बांधलं. दीर मला म्हणाला, "त्या दिवशी मी लई बोललो, मनात ठेवू नका." भावजय आत काहीतरी शोधत होती. ती बाहेर आली तेव्हा गाडीची घाई झाली होती.

त्यानंतर मी तीन डॉक्टरांना विचारलं. निमित्त काढून, दुसऱ्याचंच म्हणून सांगितलं. असा माणूस, असं वय, आठवडाभर आधी पट्टी काढली असती तर त्यात काही दिसलं असतं का? एक म्हणाला, बहुतेक दिसलं असतं. एक म्हणाला, पट्टी स्वच्छ येते आणि माणूस जिन्यात कोसळतो, आम्ही रोज बघतो. तिसरा म्हणाला, आता विचारून काय उपयोग? यजमान म्हणाले, "तू डॉक्टर नाहीस, आणि त्यांनी तरी तुझ्या चिठ्ठीनंतर चार दिवस मागितलेच होते की." तेही खरंच. पण मला त्या पाच दिवसांचं काही करता येत नाही. चौथ्या डॉक्टरला विचारायचं मी सोडून दिलं.

एजन्सी गेली नाही. काम कमी झालं, काही माझ्यामुळे आणि काही मोबाइलवर विमा मिळायला लागल्यामुळे. आता चिठ्ठी आली की त्याच दिवशी मी माणसाला स्कूटीवर घालून तपासणीला नेते. लोकांना ते आवडत नाही, एक-दोघे वैतागलेही. फॉर्म भरतानाच सांगते की मंजुरी येईपर्यंत विमा नाही. त्यावर काही जण फॉर्म परत मागतात. मी देते. कोणाशी हुज्जत घालायचा कंटाळा येतो आता.

मागच्या उन्हाळ्यात एका निवृत्त शिक्षकांच्या कागदासाठी मला हसनाबादला जावं लागलं. जाऊ की नको करत शेवटी तिचं घर विचारलं. ओसरीत मशीन होतं. मला बघून ती उठली, पाणी आणलं, जेवल्याशिवाय सोडलं नाही. मुलगी संभाजीनगरला नर्सिंग शिकते म्हणाली. गावात शिवणाचं काम भरपूर होतं, लग्नसराईत तर हात पुरत नव्हते. जेवण झाल्यावर ती पुन्हा मशीनवर बसली. मी बाजूच्या खाटेवर.

"अजून फॉर्म भरता का ताई?"

"भरते."

"बरं," ती म्हणाली. त्यात राग नव्हता, माफी होती असंही मला म्हणवत नाही. तिने सुईत दोरा ओवला, कापडाची कड जुळवली. "तुमची गाडी साडेतीनला हाय. तवर पडा जरा. दमलेल्या दिसून राह्यल्या."

मी खाटेवर आडवी झाले. मशीन चालू झालं. झोप लागली नाही, पण डोळे मिटून पडून राहिले, आणि वेळ झाली तेव्हा तिने मला हाक मारली.